अमेरिकेसारखा अध्यक्ष मागणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना खुलं पत्र

हॅमिल्टन, न्यू जर्सी

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत मी साताऱ्याला आले होते. व्याख्यानमालेत एका संध्याकाळी विषय होता ‘भारताला अध्यक्षीय पद्धत हवी का?’ वक्ते तयारीचे होते, छान बोलले. शेवटी त्यांनी समोर बसलेल्यांना विचारलं, “लोकांनी थेट निवडलेला आणि मुदत संपेपर्यंत कुणाला हलवता न येणारा, अमेरिकेसारखा अध्यक्ष कुणाकुणाला हवाय?” मांडवातले बहुतेक हात वर गेले. शेजारी बसलेल्या माझ्या शाळासोबतिणीचाही. ती वळून मला म्हणाली, “तू तर तिथलीच झालीस आता. तुझा हात खाली कसा?” त्या गडबडीत मला धड काही सांगता आलं नाही. तेव्हापासून ते मनात घोळतंय, म्हणून तिला आणि हात वर केलेल्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र लिहितेय.

तुमचा राग मला कळतो. २०१९ चा पहाटेचा शपथविधी मी इथे रात्री जागून पाहिला होता. २०२२ मध्ये आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले, वर्षभरात दुसरा पक्ष फुटला, आणि आपण कुणाला मत दिलं होतं आणि सरकार कुणाचं आलं हेच माझ्या म्हाताऱ्या वडिलांना समजेना. ते मला फोनवर विचारायचे, “मग मी बोटाला शाई कशाला लावून घेतली?” या प्रश्नातूनच तुमची मागणी आली आहे. मधले दलाल नकोत, आमचा माणूस आम्हीच निवडू, आणि एकदा निवडला की त्याला काम करू द्या. ऐकायला अगदी सरळ वाटतं. मी चोवीस वर्षं त्या पद्धतीत राहतेय, त्यातली बरीच वर्षं नागरिक म्हणून मत देतेय, आणि तीन निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केलंय. त्या अनुभवावरून सांगते, यातली एकही गोष्ट इथे तशी नाही.

‘थेट’ या शब्दापासून सुरुवात करते.

५ नोव्हेंबर २०२४ ला पहाटे सव्वापाचला मी आमच्या भागातल्या शाळेच्या व्यायामशाळेत हजर होते. आमच्या राज्यात मतदान सकाळी सहाला सुरू होतं आणि रात्री आठला संपतं. केंद्रावर दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं कामाला असतात. मशिनचं सील दोघांनी मिळून तपासायचं, शेवटचे आकडे दोघांनी मिळून लिहायचे. माझ्या शेजारी रिपब्लिकन पक्षाचे एक निवृत्त बसड्रायव्हर होते. चौदा तास आम्ही एका टेबलाशी बसलो. त्यांनी आणलेली सफरचंदं आणि माझ्या डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या वाटून खाल्ल्या, आणि राजकारणावर अवाक्षरही काढलं नाही. या देशातली ही गोष्ट मला मनापासून आवडते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे.

दुपारी एक पोरगेलासा मतदार आला. टॅब्लेटवर सही करता करता त्याने विचारलं, “इथे मत देऊन खरंच काही फरक पडतो का?” केंद्रावरच्या माणसाने असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मी त्याच्या हातात ‘मी मतदान केलं’चा स्टिकर दिला आणि पुढच्याला बोलावलं. पण अध्यक्षपदापुरतं उत्तर मला ठाऊक होतं. न्यू जर्सीने १९८८ नंतर एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही. इथे अध्यक्षाला प्रत्यक्ष निवडतात ते निर्वाचक, म्हणजे प्रत्येक राज्याला ठरावीक संख्येने वाटून दिलेले प्रतिनिधी. आमच्या राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला राज्याचे सगळेच्या सगळे १४ निर्वाचक. त्या वर्षी ट्रम्प यांना आमच्या राज्यात १९ लाखांहून जास्त मतं पडली आणि निर्वाचक मिळाला नाही एकही. कॅलिफोर्नियात त्यांना ६० लाखांहून जास्त मतं होती, तिथेही शून्य. टेक्सासमधल्या डेमोक्रॅट मतदारांची गत तशीच. माझ्या शेजारच्या काकांनी कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. पण त्यांनी आपल्या पक्षाला दिलं असेल, तर ते मत त्या व्यायामशाळेच्या बाहेर कुठेच पोचलं नाही.

आता नदीपलीकडे या. ट्रेंटनहून डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया लागतं. जुना लोखंडी पूल आहे, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय की ट्रेंटन बनवतं आणि जग घेतं. पूल पार करायला गाडीने दोन मिनिटं लागत नाहीत. पलीकडे बक्स काउंटीत माझी एक मैत्रीण राहते, मूळची कोल्हापूरची. पेनसिल्व्हेनिया कधी इकडे झुकतं कधी तिकडे, आणि तिथे १९ निर्वाचक आहेत. त्या ऑक्टोबरमध्ये कमला हॅरिस यांची सभा तिच्या घरापासून जवळच वॉशिंग्टन क्रॉसिंगला झाली. चार दिवसांनी ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्ड्समध्ये एप्रन बांधून बटाट्याचे काप तळायला उभे राहिले. टपालपेटीत रोज चकचकीत पत्रकं यायची. तिने ती गंमत म्हणून चपलांच्या खोक्यात साठवली, खोकं भरलं, तर दुसरं काढलं. दारावर कार्यकर्ते, फोनवर कार्यकर्ते. माझ्या टपालपेटीत त्याच दिवसांत किराणा दुकानाची कुपनं आणि शाळा समितीच्या निवडणुकीचं एक पत्रक आलं. तिचं मत मागायला जग लोटलं होतं. माझं कुणालाच नको होतं.

२००० साली अल गोर यांना देशभरात साडेपाच लाखांच्या आसपास जास्त मतं होती, तरी फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर बुश अध्यक्ष झाले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतं अधिक होती. ट्रम्प जिंकले ते मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतल्या मिळून ७८ हजारांहून कमी मतांच्या आघाडीवर. नियम उलट्या बाजूलाही तेवढाच बेभरवशाचा आहे. २०२० मध्ये बायडन यांना ७० लाख मतं जास्त मिळाली, तरी तीन राज्यांतली त्यांची आघाडी मिळून ४३ हजारांच्या आसपासच होती, आणि ती गेली असती तर त्यांना निर्वाचकांत बहुमत मिळालं नसतं. २०२४ मध्ये ट्रम्प एकूण मतांतही पुढे होते, हेही सांगायला हवं. वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख माणसांमागे तीन निर्वाचक, कॅलिफोर्नियात जवळजवळ चार कोटींमागे ५४. म्हणजे वायोमिंगमधल्या एका माणसाचं वजन कॅलिफोर्नियातल्या पावणेचार माणसांएवढं.

हे असं का, तर पाहुणे आले की आम्ही त्यांना फिलाडेल्फियाला नेतो तिथलीच ती गोष्ट. १७८७ च्या उन्हाळ्यात तिथल्या सभागृहात राज्यघटना लिहिली जात असताना अध्यक्ष कसा निवडायचा यावर अनेक आठवडे वाद झाला. थेट निवडणुकीचा पर्याय समोर होता. राज्यघटनेचे एक शिल्पकार मॅडिसन यांनीच तेव्हा अडचण बोलून दाखवली होती. उत्तरेत मतदार जास्त, दक्षिणेत गुलामांना मत नाही, मग दक्षिणेचा प्रभाव काय राहणार? प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, जागांसाठी एका गुलामाला तीन पंचमांश माणूस मोजायचं ठरलं होतं. निर्वाचकांचा हिशेब त्याच जागांवर, अधिक प्रत्येक राज्याच्या सिनेटमधल्या दोन जागांवर, बसवला. गुलामगिरी गेली, हिशेबाची चौकट राहिली. दुरुस्ती करायची तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं लागतात. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची दुरुस्ती मोठ्या बहुमताने मंजूर केली, पुढच्या वर्षी सिनेटमध्ये ती बोलून बोलून अडवली गेली. आता राज्यांनी आपापसात करार करून वाट काढायची धडपड चाललीय. देशात ज्याला जास्त मतं त्यालाच आमचे निर्वाचक, असा तो करार. न्यू जर्सी त्यात २००८ पासून आहे. २०२४ पर्यंत १७ राज्यं आणि राजधानी मिळून २०९ निर्वाचक झाले होते, करार अमलात यायला बहुमताचे २७० हवेत. नदीपलीकडचं पेनसिल्व्हेनिया त्यात नाही, आणि का नाही हे त्या खोक्यांतल्या पत्रकांवरून कळतं.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, भारतात आपण निर्वाचक ठेवणार नाही, सरळ देशभरची मतं मोजू. चालेल. पण माझा हात खाली राहिला तो यामुळे नाही.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला आले, बाविसाव्या वर्षी. त्याच वर्षी मार्चमध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले होते, आमच्या न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर. कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं काढताना बाबासाहेबांनी ही पद्धत डोळ्यांसमोर चालताना पाहिली. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना ते अध्यक्षीय पद्धतीबद्दल बोलले, ते जाणत्या माणसाचं बोलणं होतं. लोकशाहीतल्या सरकारला स्थैर्य हवं आणि उत्तरदायित्वही हवं, पण दोन्ही सारख्याच मापाने देणारी रचना अजून कुणाला सापडलेली नाही, असं त्यांनी मांडलं. अमेरिकेत स्थैर्य जास्त. तिथे सरकारचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो, मतदानाच्या दिवशी. संसदीय पद्धतीत तो मुदतीनेही होतो आणि रोजही होतो, प्रश्नांनी, ठरावांनी, तहकुबी सूचनांनी, अविश्वासाने. मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलं. माझ्या महाराष्ट्रातच वसंतराव साठ्यांसारख्या मोठ्या नेत्याने पुढे अध्यक्षीय पद्धतीचा उघड पुरस्कार केला, म्हणजे वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना विचारी माणसं आहेत. तरी मला बाबासाहेबांचा तो ‘रोजचा हिशेब’ इथे पावलोपावली आठवतो.

त्याच विल्सन यांना २ ऑक्टोबर १९१९ ला पक्षाघाताचा जबर झटका आला. मुदत मार्च १९२१ पर्यंत होती. दीड वर्ष देशाचा प्रमुख बिछान्यात आणि त्याच्यापर्यंत कुठला कागद पोचवायचा ते त्याची पत्नी ठरवतेय, अशी अवस्था होती. त्यांना बाजूला करायचा धड रस्ताच राज्यघटनेत नव्हता, तो १९६७ च्या दुरुस्तीने आला. संसदीय पद्धतीत पक्षाने आठवडाभरात दुसरा नेता निवडला असता.

महाभियोग आहे ना, असं वक्ते म्हणाले होते. आहे. १८६८ पासून आजवर तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा चालला, शिक्षा एकदाही झाली नाही. २०२१ मध्ये सिनेटमध्ये ५७ जणांनी दोषी म्हटलं, लागत होते ६७. एप्रिल २०२५ मध्ये आपले बेळगावचे श्री ठाणेदार, मिशिगनमधून निवडून आलेले, त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं मांडली. त्यांचा स्वतःचा पक्षही पाठीशी उभा राहिला नाही आणि मे महिन्यात त्यांनी मतदानाचा आग्रह सोडला. ते बरोबर की चूक यात मी शिरत नाही. सांगायचं ते एवढंच की इथे अध्यक्षाला जाब विचारायचा तर आधी त्याला गुन्हेगार म्हणावं लागतं. ‘तुमचं धोरण चुकलं, उठा’ असं म्हणायची सोयच नाही. आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ ला २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने अटलजींचं सरकार गेलं. तेव्हा मला हळहळ वाटली होती. आज त्या एका मताची किंमत जास्त कळते.

२०२५ च्या सप्टेंबरची गोष्ट सांगते, ती आमच्या घरातलीच आहे. माझा भाचा इथे एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. वडिलांचं पहिलंच सर्वपित्रीचं श्राद्ध म्हणून तो साताऱ्याला गेला होता. २१ सप्टेंबरला अमावास्या. १९ तारखेला अध्यक्षांनी सही केली की एच-१बीसाठी एक लाख डॉलर शुल्क भरावं लागेल, आणि अंमल २१ तारखेच्या पहिल्या मिनिटापासून. भारतात शनिवार उजाडला होता. कंपनीच्या वकिलांचा निरोप आला, असाल तिथून निघा. बहिणीने अळूवडीची पानं धुऊन पसरून ठेवली होती. पोरगा अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबईकडे निघाला, पुण्यापर्यंत पोचला, आणि मग वॉशिंग्टनहून खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना आहे, जुन्यांना नाही. तो रात्री परत फिरला. श्राद्ध झालं. पण माझी बहीण त्या दिवशी जे रडली, ते मी फोनवर ऐकलंय. हा निर्णय कुठल्या सभागृहात चर्चेला आला नव्हता. सोमवारी कुठला मंत्री उभा राहून ‘आधी खुलासा का केला नाही’ याचं उत्तर द्यायला बांधील नव्हता. अध्यक्ष वर्षातून एकदा काँग्रेससमोर, म्हणजे इथल्या संसदेसमोर, भाषण करतात. समोरच्या बाकावरून त्यांना प्रश्न विचारायचा तास या देशात नाही.

त्याच्या महिनाभर आधी, २७ ऑगस्टला, बऱ्याच भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं होतं, तेही १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन, एका आदेशाने. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना मी काय वेगळं सांगणार?

इथे तुम्ही मला अडवाल. नोटाबंदी रात्री आठ वाजता जाहीर झाली ती काय संसदेला विचारून? नाही. आपल्याकडेही एका माणसाभोवती सगळं फिरायला लागलंय, अध्यादेश निघतात, विधेयकं गोंधळात मंजूर होतात. मला ते मान्य आहे आणि त्याचाच जास्त घोर लागतो. घरातल्या विहिरीचं पाणी आटलं म्हणून विहीर बुजवायची नसते, गाळ काढायचा असतो. नोटाबंदीनंतरच्या हिवाळी अधिवेशनात सरकारला त्या सभागृहात बसावं तरी लागलं. ती खुर्चीच काढून टाकली तर उद्या प्रश्न विचारायचा कुणाला?

आणि स्थैर्याचं म्हणाल, तर १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस अमेरिकेचं केंद्र सरकार बंद होतं. अध्यक्ष आणि सिनेटमधले विरोधक यांचं खर्चाच्या विधेयकावर जमेना. संसदीय पद्धतीत अर्थसंकल्प पडला तर सरकार पडतं आणि लोक निवाडा करतात. इथे दोघेही जागच्या जागी राहतात आणि पगार थांबतात. आमच्या गल्लीत एक बाई राहतात, विमानतळावर सुरक्षा तपासणीचं काम करतात. त्यांचं काम ‘अत्यावश्यक’, म्हणून रोज हजर राहायचं, पगार मात्र नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी फराळाचं ताट घेऊन गेले, तर त्या चर्चमधल्या धान्यवाटपाच्या रांगेतून नुकत्याच आल्या होत्या. टेबलावर डबाबंद घेवड्याचे आठ डबे, पास्त्याचं एक पाकीट. त्यांनी ते चटकन कपाटात ढकललं आणि माझ्यासाठी कॉफी ठेवली.

तुम्हाला हे परकं वाटत असेल तर आपल्याच गावाकडे बघा. २०१७ मध्ये महाराष्ट्रात सरपंच थेट लोकांतून निवडायला लागले. २०२० मध्ये ते बंद केलं, २०२२ मध्ये पुन्हा आणलं. आमच्या गावात सरपंच एका गटाचा निवडून आला आणि सदस्यांत बहुमत दुसऱ्या गटाचं. पाण्याच्या टाकीचं काम झालं, बिल मंजूर होईना. सरपंच म्हणतो मला गावाने निवडलंय, सदस्य म्हणतात आम्हाला काय परगावाने निवडलंय? दोघांचंही खरं. ठेकेदाराने पंपाची खोली कुलूप लावून बंद केली आणि माझी चुलती पासष्टाव्या वर्षी मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणू लागली. वॉशिंग्टनचं भांडण मला त्या टाकीपाशी जसं कळलं तसं कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. दोघांनाही लोकांनीच निवडलं, दोघांनाही मुदत, आणि मध्ये तोडगा काढायला कुणी बांधील नाही.

तेव्हा माझी विनंती आहे की मागणी बदला. राग तोच ठेवा. आमदार फुटले की अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांच्या खुर्चीकडे असतो आणि ती खुर्ची सत्ताधाऱ्यांकडे. २०२२ च्या जूनमध्ये पेटलेल्या वादाचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच म्हटलंय की असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली निघावेत. तो कालावधी कायद्यात लिहून घ्या. तो अधिकारच अध्यक्षांकडून काढून निःपक्ष न्यायाधिकरणाकडे द्यायला लावा. नागपूरचं अधिवेशन २०२४ आणि २०२५ मध्ये जेमतेम आठवडाभर चाललं, ते वाढवायला लावा. आपल्या आमदाराने प्रश्नोत्तराच्या तासात किती प्रश्न विचारले, ते पुढच्या सभेत त्याला उभं करून विचारा. एका माणसाला थेट निवडून मोकळं व्हायच्या कल्पनेइतकं हे रोमांचक नाही, मेहनतीचं आहे. पण माझ्या वडिलांच्या शाईच्या प्रश्नाला उत्तर मिळालं तर इथूनच मिळेल.

व्याख्यानमालेच्या मंडळींनी पुढच्या वर्षी परत हा विषय ठेवला तर मी येईन, तारीख आधी कळवा म्हणजे रजा टाकता येईल. कोल्हापूरच्या मैत्रिणीकडून तिची दोन्ही खोकी मागून घेतली आहेत. ती टेबलावर उघडून ठेवू, पत्रकं हातोहात फिरवू, आणि मग पुन्हा एकदा हात वर करायला सांगू.

तुमची,
न्यू जर्सीतली सातारकर